पत्रात ‘किंवा’ सतरा वेळा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी २८ वर्षांचा. मूळचा सांगली जिल्ह्यातला. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून पाच वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंग ऑटोमेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चाचण्या यंत्राकडून करून घेण्याच्या कामात आहे. हातात महिना ७२ हजार येतात. पण जीव रमतो तो अक्षरांत. माझे मामा बोर्ड पेंटर होते. शाळेच्या सुट्टीत त्यांचे ब्रश धुता धुता अक्षर काढायला शिकलो. फ्लेक्स आले आणि मामांचं दुकान बंद पडलं. मी रात्री जागून लग्नपत्रिकांवरची नावं, दुकानांचे लोगो करून देतो. गेल्या वर्षी ३७ कामं झाली, १ लाख ४६ हजार मिळाले. इन्स्टाग्रामवर अकरा हजार लोक आहेत. राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, धाकटी बहीण फार्मसीला आहे. आई म्हणते, ‘छंद म्हणून कर की.’ इंजिनीअरिंगची चार वर्षं वाया गेली असं वाटतं. जेजे आर्ट स्कूलला गेलो असतो तर! आता इंजिनीअर राहायचं किंवा कलाकार व्हायचं, हे एकदाचं ठरवायचंय. ताई, राजीनामा देऊ का?”

(ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

प्रिय मित्रा,

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्यात ‘किंवा’ सतरा वेळा आलाय. इंजिनीअर किंवा कलाकार, पगार किंवा समाधान, पुणे किंवा गाव, आईचं ऐकायचं किंवा मनाचं. अख्ख्या पत्रात एकच परिच्छेद असा आहे की ज्यात एकदाही ‘किंवा’ नाही, आणि पत्र खरं रंगलंय तेही तिथंच. तो मामांचा परिच्छेद.

पत्रा घासून, त्यावर रंगाचा हात मारून वाळला की मामा निळीत बुडवलेली दोरी तुला एका टोकाला धरायला लावायचे. दुसरं टोक स्वतःकडे. मधे चिमटीत धरून सोडली की टप्पकन शिरोरेषा उमटायची. मग खडूनं घरं पाडायची, पण सगळी सारखी नाहीत. ‘र’ला अर्धं घर, ‘ळ’ला दीड. आणि अक्षरं खडूनं काढून झाली की ब्रश उचलायच्या आधी मामा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथून डोळे बारीक करून बोर्ड बघायचे, कारण गिऱ्हाईक तो तिथूनच वाचणार.

आता मला सांग, हे नक्की काय होतं? दोरीनं रेघ आखणं, अक्षरागणिक रुंदीचं माप ठरवणं, वापरणारा माणूस जिथं उभा राहील तिथून तपासून बघणं. ही चित्रकला म्हणायची की इंजिनीअरिंग? मामांना असा प्रश्न पडला नसणार. त्यांना दिवेलागणीच्या आत बोर्ड द्यायचा असायचा.

पुढच्याच ओळीत तू लिहितोस, ‘तंत्रज्ञानापुढे कला हरली.’ हा निकाल मला मान्य नाही. फ्लेक्सवरसुद्धा अक्षरंच असतात, आणि ती कुणीतरी काढलेलीच असतात. फक्त एकदा काढून फाँटच्या फाइलमध्ये बसवलेली असतात. बसवणाऱ्याला मराठी किती कळत होतं, यावर पुढचे हजारो बोर्ड चांगले होणार की वाईट हे ठरतं. मामांचं पोट त्या बदलानं मारलं हे खरंच आहे, ते मी हलकं करत नाही. पण मामांचं ज्ञान जुनं झालं, असं नाही. ते त्या फाइलपर्यंत पोहोचलं नाही, एवढंच.

याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे, म्हणून ठणकावून सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. नव्वदच्या दशकात बरी नोकरी सोडून डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करून देण्याचं दुकान टाकलं. तुझ्यासारखीच ‘आता मनासारखं करायचं’ ही हौस. पहिलं मोठं काम एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचं, दोन हजार प्रती. संचालकांच्या यादीत एक आडनाव कुऱ्हाडे. माझ्याकडच्या फाँटात ‘ऱ्हा’तला तो मिशीसारखा आडवा र नव्हताच. करणाऱ्यानं देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालवलं होतं. बटर पेपरवरची प्रिंट घाईत बघितली आणि छापायला दिली. गृहस्थांच्या आडनावावर रफार चढला. कॅलेंडरं परत आली, कागदाचे पैसे माझ्या खिशातून गेले, आणि पुढचे तीन दिवस मी तो एक र कर्व्ह ओढून ओढून फाँटात घालत बसले होते. जेवणाचं भान नव्हतं. आपल्याला नेमकं काय आवडतं हे मला त्या तीन दिवसांत कळलं. दुकान मात्र दोन वर्षांत गुंडाळलं. का ते पुढे सांगते.

आधी तुझ्या ‘वाया गेलेल्या’ चार वर्षांकडे येऊ.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घे. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. हातानं लिहिताना तुला विचारसुद्धा करावा लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र दोन्हीकडे र, हलन्त आणि य एवढंच दिसलं असतं. म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्या दुसऱ्या र ला ‘ऱ’ असा वेगळा क्रमांक द्यावा लागला, आणि फाँटमध्ये नियम लिहावा लागतो की हा ऱ हलन्तासकट आला तर डोक्यावर चढू नकोस, शेजारच्या अक्षराच्या पोटाशी आडवा हो. तेच ल आणि श यांचं. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचं प्रमाणीकरण केलं त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श आपला मानलाय. हिंदीत त्यांची वळणं वेगळी. मजकूर मराठी असल्याचं पानानं सांगितलं की ही वळणं आपोआप बदलावीत, असाही नियम फाँटात लिहिता येतो. लिहिलेला असतोच असं नाही.

आता ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहून बघ. त्यातल्या ‘र्थ्यां’कडे बघ. उच्चारात र सगळ्यात आधी, पण त्याचा रफार जाऊन बसतो शेवटच्या कान्यावर. अनुस्वारालाही तीच जागा हवी. मामांनी काय केलं असतं? रफार किंचित डावीकडे कलवून टिंब त्याच्या कुशीत बसवलं असतं. फाँटमध्ये ‘रफार आणि अनुस्वार एकत्र’ असं वेगळं चिन्ह काढावं लागतं आणि ते कधी वापरायचं याचा नियम लिहावा लागतो. पहिली वेलांटी तर छळच मांडते. ‘कि’मधली कमान छोटी, ‘ष्ट्रि’मधली लांब, कारण ती त्या त्या अक्षराच्या दांड्यापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून नीट केलेल्या फाँटात वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या आवृत्त्या असतात आणि कुठल्या अक्षराआधी कुठली, याचं कोष्टक असतं. देवनागरीचा पूर्ण फाँट करायचा तर जोडाक्षरं धरून पाचशेच्या वर चिन्हं सहज होतात. ती सगळी एकमेकांशेजारी ठेवून कोण तपासणार? हजार शब्दांची यादी घेऊन, दर बदलानंतर यंत्राकडून चाळून घेऊन, कुठं काय आपटलं ते कोण शोधणार?

तू पाच वर्षं पगार कशाचा घेतोयस, बाबा?

तुझ्या ऑफिसात टेस्ट स्क्रिप्ट पायथॉनमध्ये लिहितात असं तूच म्हटलंयस. फाँटच्या दुनियेतही पायथॉनच चालते, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. पायथॉन ही भाषा रचली गिडो व्हॅन रॉसम यांनी. त्यांचा धाकटा भाऊ युस्ट नेदरलँड्समध्ये द हेगला कलाशाळेत अक्षररचना शिकलेला. फाँटची फाइल उसवून तिच्या पोटात काय आहे ते वाचता यावं, बदलता यावं, म्हणून त्यानं भावाच्या भाषेत एक साधन लिहिलं. ते फाँटटूल्स आज जगभरचे फाँटवाले वापरतात. आता त्याला प्रोग्रॅमर म्हणायचं की कलाकार, हे तूच ठरव.

आपल्याकडे आर. के. जोशी होते. जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेले, सुलेखनकार, कवी, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवलेले. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्या ‘मंगल’ फाँटात मराठी वाचत आलो, तो त्यांचा. ते अक्षरांकडून यंत्राकडे गेले. उलट्या बाजूनं गेलेले डोनाल्ड क्नूथ. गणिती, संगणकशास्त्रज्ञ. १९७७ मध्ये त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात पडली. शिशाचे खिळे जाऊन नवी फोटो टाइपसेटिंगची पद्धत आली होती, आणि पानं त्यांना बघवेनात. तेव्हा अक्षरजुळणी आणि अक्षरं काढण्याचे प्रोग्रॅम स्वतःच लिहायला बसले. थोडक्यात उरकेल वाटलं होतं, त्यात दहाएक वर्षं गेली. इंग्रजी एस अक्षर गणितात बसवताना ते दिवसचे दिवस अडले होते. बायकोनं येऊन विचारलं म्हणे, एसच्या आकाराचा का नाही काढत? (आमच्या घरी हा प्रश्न मला अजून वेगवेगळ्या निमित्तानं विचारला जातो.)

हे वाचून उद्या सकाळीच राजीनामा पाठवशील, म्हणून आता दुसरी बाजू. माझं दुकान का बुडालं? अक्षरं वाईट नव्हती. मी हिशेब केला नव्हता. तुझा मीच करते. ७२ हजार गुणिले बारा म्हणजे वर्षाला ८ लाख ६४ हजार. गेल्या वर्षी तुला एका कामाचे सरासरी चार हजारांच्या आत मिळाले. त्याच दरानं पगाराएवढे पैसे उभे करायचे तर वर्षाला २१९ कामं लागतील. आठवड्याला चारच्या वर, तीही चातुर्मासात लग्नाच्या तिथी जवळपास नसतातच हे विसरून. आणि तूच तिसऱ्या पानावर लिहिलंयस, ‘नवरा-नवरीची नावं काढून काढून वीट आलाय.’ मग पूर्णवेळ म्हणजे काय होणार? ज्याचा वीट आलाय तेच सहापट.

लोक पूर्णवेळ या शब्दाला फार भुलतात. जणू नोकरी सोडली तरच आपली कलेवरची निष्ठा सिद्ध होते. मी उलटं पाहिलंय. भाडं भरायची चिंता डोक्यावर बसली की माणूस पहिल्यांदा तीच कामं सोडतो जी पैसे न देता हात घडवतात.

आणखी एक. तुझ्या तक्रारी मी वेगळ्या कागदावर उतरवून काढल्या. रात्री अकराचे अमेरिकेचे कॉल, वाकडचं ट्रॅफिक, आणि ऑटोमेशनला ‘क्लिक-क्लिक’ म्हणणारा मॅनेजर. यात इंजिनीअरिंगविषयी एकही तक्रार नाही. ट्रॅफिक आणि मॅनेजर यांच्यावर टीम बदलणं, कंपनी बदलणं हा उतारा असतो. त्यासाठी आयुष्य बदलायची गरज नसते. टीम बदलूनही सकाळी उठवेनासं झालं, तर गोष्ट वेगळी.

मग करावं काय? तुला वाटतात त्यापेक्षा जास्त वाटा आहेत, आणि सगळ्या सारख्या मोलाच्या नाहीत.

शिकायला जाणं ही एक. जेजे हुकलं म्हणून दार बंद झालेलं नाही. इंजिनीअरिंगच्या पदवीवर सीड ही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेशपरीक्षा देता येते. ती आयआयटी मुंबई घेते, साधारण ऑक्टोबरात अर्ज, जानेवारीत परीक्षा. वयाची अट नाही, कितीदाही बसता येतं. १९६९ साली सुरू झालेली आयडीसी तिथलीच. पण दोन वर्षं पगार नाही, आणि बहिणीची फार्मसी चालू आहे, हे डोळ्यांसमोर ठेव. तिथं पदवीपेक्षा मोलाची गोष्ट मिळते ती म्हणजे तुझं अक्षर बघून ‘इथं वजन चुकलंय’ म्हणणारी माणसं. तुझ्याकडे आज अकरा हजार लोक आहेत आणि सगळे ‘अप्रतिम दादा’ म्हणतात. त्यानं कुणाचं अक्षर सुधारल्याचं मी ऐकलेलं नाही. अशी माणसं कॉलेजबाहेरही भेटतात. आयडीसीनं २००८ पासून सुरू केलेल्या ‘टायपोग्राफी डे’ला एकदा जाऊन तर बघ.

फाँट बनवणाऱ्या संस्थेत नोकरी ही दुसरी वाट. मुंबईत ‘एक टाइप’ आहे, त्यांचे बलू, मुक्त, मोदक हे फाँट तू नक्की वापरले असशील. अहमदाबादला २००९ पासून इंडियन टाइप फाउंड्री आहे. पण खोटी आशा दाखवत नाही, अशा जागा देशात थोड्या आणि पगार आयटीसारखे असतील असं धरून चालू नकोस. तुझ्या बाजूनं एक गोष्ट आहे. अक्षर काढणारे अर्ज करणारच, पण नियम लिहिणारा, चाचण्या लावणारा आणि वर ‘ळ’ला दीड घर लागतं हे ठाऊक असलेला कितीसा येणार?

तिसरी वाट तुझ्या नाकासमोर आहे म्हणून दिसत नाही. तुझ्या कंपनीचं ॲप मराठीत चालतं का? चालत असेल तर ‘पुढे’ लिहिलेलं बटण उघड आणि पु चा उकार बघ. खालच्या कडेला कापला गेला असण्याची दाट शक्यता आहे, कारण ओळीची उंची इंग्रजी धरून ठरवलेली असते. हा बग तू टेस्टर म्हणून नोंदवू शकतोस, कारण सांगू शकतोस आणि उपायही देऊ शकतोस. भारतीय भाषांच्या पडद्यांचं काम करणाऱ्या टीम मोठ्या कंपन्यांत असतात. तिकडे सरकणं हा राजीनाम्यापेक्षा कितीतरी स्वस्त प्रयोग आहे.

आणि आईची वाट. तिचं ‘छंद म्हणून कर’ तुला घाव वाटलाय. मला त्यात शहाणपण दिसतं. ज्या गोष्टीवर कुणाचं पोट नाही, तिच्यावर गिऱ्हाइकाची सत्ताही नसते. तुला नको असेल तर नको, पण तिला शत्रुपक्षात ढकलू नकोस. तिनं स्वतःच्या भावाचं दुकान बंद पडताना पाहिलंय. मामाची बहीण आहे ती, हे तू पत्रात कुठंच लक्षात घेतलेलं नाहीस.

तर माझं उत्तर: आज राजीनामा नको. दसऱ्याला एक काम सुरू कर, गुढीपाडव्याला हिशेब कर. काम असं की ज्यात तुझ्या दोन्ही हातांना सुट्टी नाही. गावी जा, मामांच्या हातचे जे बोर्ड अजून टिकलेत त्यांचे फोटो काढ. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, देवळातली देणगीदारांची यादी, एखादं जुनं किराणा दुकान. समोरून, सरळ, मोजपट्टी शेजारी धरून. मग एकच बोर्ड निवड, समज ‘श्री सिद्धनाथ किराणा भांडार’. तेवढा एक बोर्ड बिनचूक टाइप होईल असा फाँट कर. पाचशे चिन्हांचा नाही, पंधरा-वीस चिन्हांचा. फाँट बनवायचं फाँटफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोज-लिनक्सवर चालतं. ग्लिफ्स छान आहे पण त्याला मॅक लागतो, आणि आत्ता मॅक घेणं हा पळ काढायचा एक महाग प्रकार ठरेल. ‘श्री’ सोपी नाही. ‘द्ध’ उभा रचायचा की आडवा, हे मामांच्या बोर्डवर बघ. ‘सि’ची वेलांटी आणि ‘कि’ची वेलांटी वेगळी करावी लागेल. नंतर त्यात ‘ऱ’ घाल, आणि चाचणीसाठी तुझी स्वतःची यादी बनव: दर्या, दऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, आचाऱ्यांना, विद्यार्थ्यांनी, राष्ट्रीय. नुसती ही यादी आणि ती तपासणारी स्क्रिप्ट जरी नीट झाली, तरी कुठल्याही फाँटवाल्याला दाखवायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

यासाठी वेळ काढायचा तर लग्नपत्रिका कमी कराव्या लागतील. दर दुप्पट कर. निम्मे लोक आपणहून जातील आणि पैसे जवळजवळ तेवढेच राहतील. फाँट पुढे खुल्या परवान्यावर द्यायचा की विकायचा, ते मामांना विचारून ठरव. हात त्यांचा आहे. नावही त्यांचं लागलं पाहिजे.

काही रुक्ष गोष्टी, ज्या मला त्या वेळी कुणी सांगितल्या नाहीत. नेमणुकीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल आणि तू बनवलेल्या गोष्टींच्या मालकीबद्दल काय लिहिलंय ते वाच. २०२२ मध्ये मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरीत असताना बाहेरची कामं करण्यावरून आयटीत केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. ऑफिसच्या लॅपटॉपवर फाँटचं एकही चिन्ह काढू नकोस. आई-बाबांचा आरोग्यविमा तुझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे, म्हणजे तुझ्या राजीनाम्याबरोबर तोही जाणार. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून ती नोकरीत असतानाच सुरू कर. घरचा एक वर्षाचा खर्च बाजूला पडेपर्यंत तारीख ठरवू नकोस. एक वर्षाचा म्हणतेय, सहा महिन्यांचा नाही. गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी देतो म्हणतो आणि एकशे ऐंशी दिवसांनी फोन उचलत नाही.

या महिन्यात याच सुरातली आणखी दोन पत्रं आली, त्यांनाही इथंच उत्तर देते. नाशिकची इन्स्ट्रुमेंटेशनची मुलगी तबला वाजवते आणि ‘दोन्हीपैकी एक’ विचारते. तिनं तबल्यावरच्या शाईचा विचार करावा. त्या काळ्या ठिपक्यामुळे चामड्याचा आवाज सुरेल का होतो, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच लिहिलंय. सभागृहांचं ध्वनिशास्त्र, ध्वनिमुद्रण, वाद्यांची मोजमापं, या सगळ्याला कान आणि ऑसिलोस्कोप दोन्ही लागतात. दुसरा मेकॅनिकलचा, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेत सेट बांधून आता चाकणला डिझाइन विभागात कंटाळलेला. त्याला एवढंच विचारते, फिरता रंगमंच बांधताना बेअरिंग कुठलं वापरलं होतंस? उत्तर देताना डोळे चमकले तर नाटकवाल्यांच्या तालमीला जाऊन बस, अभिनय करायला नाही, त्यांचं काय मोडतं ते बघायला. तिघांचाही प्रश्न मला एकच वाटतो. तुम्ही दोन आवडींमध्ये वेळ वाटून द्यायला बघताय, आणि मला दोघींवाचून अडणारं एखादं काम तुमच्यासमोर ठेवायचंय. ते प्रत्येकाला सापडेलच असं नाही. सापडलं नाही, तर चांगली नोकरी आणि रविवारचा तबला हेही वाईट आयुष्य नव्हे.

परत तुझ्याकडे. ड्राफ्टमधला राजीनामा खोडू नकोस, राहू दे. पाडव्याला उघडून वाच. तोवर फाँट पहिल्या पाच अक्षरांवरच अडला असेल आणि तुला त्याचा कंटाळा आला असेल, तर तेही कळलं ते बरंच झालं. आणि रात्री दोन वाजता वेलांटीच्या कमानीसाठी जागत असशील, तर मला लिही, तेव्हा सीडचा अर्ज आणि फाउंड्रीला पाठवायचं पत्र दोन्ही आपण मिळून बघू.

गावी जाशील तेव्हा वही ने. मामांना विचार, ‘ळ’ला दीड घर हे कुठून आलं, आणि ‘क्ष’ला किती द्यायचे. ते म्हणतील, ‘अंदाजानं.’ त्यांना खडू दे, फळीवर काढायला लाव आणि पट्टी लावून मोज.

तुझी,
ताई